एकवीस जण युरोपात आणि बाकी जग मोकळं

शनिवारी रात्री नऊला क्लेम उघडले आणि नऊ वाजून अकरा मिनिटांनी इंग्लंडवरून भांडण लागलं. मी कर्वेनगरच्या फ्लॅटवर मांडीवर लॅपटॉप आणि बाजूला मॅगीचं पातेलं घेऊन बसलेले, फोन नुसता टुंग टुंग करतोय, आणि दोन मुलं एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवून सिद्ध करतायत की मीच आधी टाइप केलं होतं. दोघंही सदाशिव पेठेतली. इंग्लंडसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, याला नेशन आरपी म्हणजे नेशन रोलप्ले म्हणतात. डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर एक सर्व्हर, जगाचा एक जुना नकाशा, प्रत्येकाने एक राज्य मागायचं, म्हणजे क्लेम करायचं, आणि त्या राज्याचा राजा किंवा वजीर किंवा जे काय असेल ते बनून लिहायचं. पत्रं, तह, सोयरिकी, लढाया, दुष्काळ, सगळं. आमच्याकडे एक टर्न एका आठवड्याचा, खेळात ती दोन वर्षं, रविवारी रात्री नऊला टर्न बंद आणि मग आम्ही तीन मॉड, म्हणजे सर्व्हर चालवणारे, बसून कोणाचं काय झालं ते ठरवायचं. लॉकडाउनमध्ये कॉलेजच्या ग्रुपमधून सुरू झालेलं प्रकरण आहे, तेव्हा वेळच वेळ होता, आता नोकऱ्या लागल्या तरी सुटलं नाही. मी पेरोलमध्ये काम करते, म्हणजे दिवसभर एक्सेल आणि रात्री पण एक्सेल.

सुरुवातीची तारीख ११ नोव्हेंबर १४४४. यात आमची अक्कल काही नाही, युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ हा गेम त्याच दिवशी सुरू होतो, अर्धे जण तिथूनच आलेले, नकाशे तयार मिळतात, म्हणून तीच उचलली.

तर त्या रात्रीचा हिशोब असा. छत्तीस क्लेम आले. त्यातले २१ युरोपात. चार जपान, का ते सांगायला नको, अॅनिमे. एक उस्मानी तुर्क, एक मिंग चीन, एक अॅझ्टेक, एक माली. आणि सात जणांनी लिहिलं, 'मराठा साम्राज्य'.

१४४४ मध्ये.

मी प्रत्येकाला पर्सनल मेसेज करून समजावलं की अरे शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, आपण अजून १८६ वर्षं मागे आहोत, आत्ता इथे बहमनी सुलतान आहे. सहा जण हिरमुसले. सातवा म्हणाला, चालेल, मी थांबतो.

तो सीझन आम्ही तसाच चालवला. ज्याला जे हवं ते. नकाशावर युरोप म्हणजे दिवाळीतली लक्ष्मी रोडची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही, आणि आफ्रिका, दख्खन, अख्खं दक्षिण अमेरिका करड्या रंगात मोकळं. आठव्या टर्नला युरोपात एक महायुद्ध झालं, अकरा जण एका रात्रीत संपले, त्यांना दुसरीकडे जाऊन खेळायची इच्छा नव्हती, खेळ बंद. अॅझ्टेकवाला बिचारा शेवटपर्यंत दर आठवड्याला नरबळी देत होता. कोणी वाचत नव्हतं.

दुसऱ्या सीझनला आम्ही शहाणपणा केला. म्हणजे तेव्हा तो शहाणपणा वाटला. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडसारखं करायचं, पाच प्रेफरन्स भरा, आम्ही अलॉट करतो, प्रत्येक खंडाला कोटा. युरोप ९, आशिया १२, आफ्रिका ७, अमेरिका ६. नकाशा इतका सुंदर दिसला की आमच्या मॅपवाल्याने तो वॉलपेपर करून ठेवला. शिवाय ज्यांना नकोशी जागा मिळाली त्यांची समजूत काढायला आम्ही संस्कृतीप्रमाणे बोनस दिले. घोडेस्वारी अधिक दोन, सोनं अधिक तीन, रस्ते अधिक एक, असं.

इथे माझी चूक मी कबूल करते कारण बोनसची आयडिया माझी होती.

तीन दिवसांत कोणीतरी शीट बनवली. कुठली संस्कृती घेतली की काय मिळतं, कुठली 'वर्थ' आहे. म्हणजे एखाद्या समाजाची हजार वर्षं आणि आपण त्याचं कूपन करून टाकलं, क्रोमाच्या सेलसारखं. आणि लिखाण? लिखाण सगळ्यांचं एकच. काँगो मिळालेल्या मुलाची पहिली पोस्ट मला अजून पाठ आहे, राजा दगडी किल्ल्यात शेकोटीपाशी बसलाय, बाहेर बर्फ पडतोय, सरदार येऊन गुडघ्यावर बसतो. काँगोत. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ बर्फ. मी त्याला विचारलं तर म्हणाला, ताई मी आधी स्कॉटलंडसाठी लिहून ठेवलं होतं, नाव बदललं फक्त.

आणि चौथ्या टर्नपर्यंत आफ्रिकेतल्या सातापैकी दोनच उरले. कॅप राउंडचंच उदाहरण घ्यायचं तर सीट मिळाली म्हणून घेतली, मन भलतीकडेच.

आमच्या तिघांत यावरून बरीच वादावादी झाली. मॅपवाल्याचं म्हणणं, लोक आळशी आहेत, वाचत नाहीत. तिसरा मॉड चिंचवडचा आहे, तो म्हणाला नकाशाच चुकीचा आहे. आणि त्याचं थोडं बरोबर पण निघालं, आम्ही मर्केटर नकाशा वापरत होतो, त्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास एकाच आकाराचे दिसतात, खरं तर आफ्रिका चौदापट मोठी आहे. मग ज्याला मोठं राज्य हवंय तो वरच्या बाजूलाच बघणार ना. पुढे आम्ही नकाशा बदलला, सम क्षेत्रफळाचा घेतला, पहिल्यांदा सगळ्यांनी बोंब मारली की युरोप कुठे गेला. पण नुसत्या नकाशाने काही भागलं नाही.

मला खरं कळलं ते मालीवाल्याच्या मेसेजमुळे. हा मुलगा मन लावून लिहिणारा. मालीचा राजा मनसा मुसा १३२४ मध्ये हजला गेला आणि वाटेत कैरोत एवढं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला, ही गोष्ट वाचून त्याने माली पहिला प्रेफरन्स टाकलेला, म्हणजे कोट्यातला नाही, हौसेने आलेला. मग त्याला कळलं की १४४४ म्हणजे त्यानंतर १२० वर्षं, वैभव ओसरलेलं, टिंबक्टू शहरसुद्धा सहारातल्या भटक्या तुआरेगांच्या ताब्यात. तरी तो खचला नाही, उलट उतरती कळा लागलेल्या घराण्याचं काय सुंदर लिहिलं त्याने, जुना खजिनदार रिकाम्या कोठ्यांच्या किल्ल्या रोज घासून ठेवतो वगैरे. पाचव्या टर्नला रात्री साडेबाराला मेसेज, ताई मी सोडतो, राग नाही, पण माझ्याशी बोलायला कोणीच नाहीये इथे.

मला झोप लागेना. उठून शीट उघडली. आतापर्यंत आम्ही कायम एकच आकडा बघत होतो, कुठल्या खंडात किती माणसं. त्या रात्री मी दुसरा आकडा काढला, कोणाला किती पत्रं आली. पेरोलवालीला पिव्होट टेबल लावायला किती वेळ लागतो. इंग्लंडला पाच टर्नमध्ये ४३ पत्रं आलेली. मालीने नऊ पाठवलेली आणि त्याला आलं होतं एक, ते पण मीच मोरोक्कोच्या वतीने लिहिलेलं कारण मोरोक्को कोणी घेतलं नव्हतं. मग सोडून गेलेल्या सगळ्यांची नावं लावली. जवळजवळ प्रत्येकाला तीनच्या आत पत्रं आली होती. आणि युरोपातली ती दोन-तीन किरकोळ जर्मन संस्थानं, ज्यांच्याकडे ना सोनं ना सैन्य, त्यांच्यातला एकही सोडून गेला नव्हता, कारण आजूबाजूला भांडायला माणसं होती.

म्हणजे लोक युरोपात युरोपसाठी जात नव्हते. जिथे माणसं आहेत तिथे जात होते. आणि आम्ही काय केलं तर त्यांना एकेकटं उचलून मोकळ्या खंडांवर पेरलं, लग्नात पंगतीत ओळखीचं कोणी नसलेल्या ठिकाणी बसवावं तसं, पानात श्रीखंड आहे पण बोलायचं कोणाशी.

तिसऱ्या सीझनला कोटा काढून टाकला. बोनस काढून टाकले. खंड हा शब्दच काढून टाकला. त्याऐवजी आम्ही आळ्या केल्या, म्हणजे आमच्यात तोच शब्द रूढ झाला, हिंदी महासागर आळी, भूमध्य आळी, मेक्सिकोचं खोरं, अँडीज. नियम एवढाच की आळीत किमान दोन जण झाल्याशिवाय ती उघडत नाही आणि सात झाले की बंद. तुम्हाला एकट्याला कुठे जायचं असेल तर शेजारी घेऊन या.

हिंदी महासागर आळी ही आमची सगळ्यात जमलेली भट्टी. विजयनगर, बहमनी, गुजरात, होर्मुझ, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं किल्वा, मलायातलं मलाक्का, कैरोचे मामलुक सुलतान. या सातांमध्ये गंमत अशी आहे की कोणाचंच एकट्याचं भागत नाही. दख्खनमध्ये लढाईचे चांगले घोडे पैदा होत नव्हते, ते अरबस्तान आणि इराणकडून गलबतांतून यायचे, चौल, दाभोळ, गोवा, भटकळ अशा बंदरांत. किल्व्याकडे सोफाळ्याचं सोनं, गुजरातकडे कापड, मलाक्क्याकडे मसाले. आम्हाला बोनस द्यायची गरजच नव्हती, अडवणूक आपोआप होती.

होर्मुझ घेतलेली मुलगी वाघोलीला राहते. तिने कधी एक लढाई केली नाही. होर्मुझ म्हणजे इराणच्या आखाताच्या तोंडावरचं बेट, उन्हाने भाजून निघणारं, धड प्यायचं पाणी नाही, ते होड्यांनी आणावं लागायचं, आणि तरी जगातला एक बडा बाजार. तिने पहिल्याच पोस्टमध्ये पाण्याची होडी उशिरा येते आणि बंदरावर घागरी घेऊन बायका भांडतात असं दृश्य टाकलं. खाली कोणीतरी लिहिलं, किती वास्तववादी. तिचं उत्तर, आमच्या सोसायटीत टँकर येतो, रिसर्च लागला नाही. तिसऱ्या टर्नपासून ती घोड्यांचा भाव ठरवायला लागली आणि विजयनगर आणि बहमनी दोघं तिच्या मेसेजमध्ये रांगेत. गोवा तेव्हा विजयनगरकडे होतं, खऱ्या इतिहासात बहमनी वजीर महमूद गावानने ते १४७२ मध्ये घेतलं, आमच्याकडे त्याच्या आधीच गेलं, कारण विजयनगरवाल्याने एकदा तिचे पैसे थकवले आणि तिने एक अख्खा टर्न घोडे दिले नाहीत.

मान्सूनचा पण नियम केला. अरबस्तान आणि आफ्रिकेकडून भारताकडे यायचं तर नैऋत्येचा वारा, परत जायचं तर हिवाळ्यात ईशान्येचा, आणि ऐन पावसात कोकणची बंदरं बंदच. तर आम्ही आठवडा तोडला, सोमवार ते बुधवार फक्त इकडे येणारी जहाजं, शुक्रवार ते रविवार फक्त जाणारी. मधे एक दिवस कोणाचंच काही नाही. इतिहासाच्या हिशोबाने हे ओढूनताणून आहे हे मान्य, टर्न दोन वर्षांचा आणि वारा तीन दिवसांचा. पण त्यामुळे वाट बघणं आलं, आणि वाट बघताना लोक पत्रं लिहितात. ज्यांना ऑफिसमुळे फक्त वीकेंडला वेळ मिळतो त्यांनी फार शिव्या दिल्या. किल्वावाला हिंजवडीला जातो येतो, त्याचा सोमवार ते बुधवार वाकड पुलावरच जातो, त्याची जहाजं दोन टर्न निघालीच नाहीत. त्याच्यासाठी मग बसमधून पाठवता येईल असा एका ओळीचा फॉर्म केला.

आता ते सात मराठे. तोपर्यंत नऊ झाले होते.

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटत होता कारण तो चुकीचा हट्ट नव्हता. पुण्यातल्या मुलाला आपल्या मातीतलं काहीतरी खेळायचंय, त्याला मी काय सांगू की तू फिनलंड घे. पण १४४४ मध्ये मराठा राज्य नाही तर नाही. चिंचवडकराने तोडगा काढला. म्हणाला, आपण प्रत्येकाला एक राज्य का देतोय? एका राज्यात पाच जण का नको?

तसं मग बहमनी राज्य एकाला न देता दरबार म्हणून दिलं. बिदरला सुलतान एक. राज्याचे तेव्हा चार तरफ म्हणजे प्रांत होते, गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बिदर, त्यांचे तरफदार. दरबारात दोन गट, दख्खनी म्हणजे इथे आधीपासून स्थायिक झालेले आणि आफाकी म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नव्याने आलेले, यांचं हाडवैर, महमूद गावानसारखा इराणातल्या गिलानहून आलेला वजीर १४८१ मध्ये याच कटकटीत खोट्या पत्राच्या आरोपावरून मारला गेला. आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांत देशमुख. कर गोळा करणारे, गढी बांधून बसलेले, सुलतानाला मानणारे पण किती मानायचं ते पाऊस बघून ठरवणारे. चार जणांनी देशमुख घेतले. सातवा, तो 'मी थांबतो' वाला, त्याने मावळातलं एक खोरं घेतलं आणि सांगितलं, मी वारसदारांना जपून ठेवतो.

मला वाटलं होतं यांना कमीपणा वाटेल. कसला काय, दरबार चॅनलवर दिवसाला दोनशे मेसेज. एका टर्नला तर दौलताबादच्या तरफदाराने वसुली वाढवली म्हणून चार देशमुखांनी मिळून एक अर्ज लिहिला, इतका तिरकस आणि इतका नम्र, की पुणेरी पाटीच वाटावी. 'हुजुरांनी यंदा पीक स्वतः पाहण्यास यावे, घाटात पूल नाही, होडीही नाही, पोहता येत असल्यास उत्तम.' सुलतान खेळणारा मुलगा नगरचा आहे, तो तीन दिवस त्याला उत्तर शोधत होता.

यातून अजून एक गोष्ट सुटली जी आमच्या डोक्यातच नव्हती. युरोपात जागा न मिळालेले. एक मुलगा रशिया रशिया करत होता, मॉस्को गेलेलं, नोव्हगोरोद गेलेलं. त्याच आठवड्यात एक देशमुख शिवनेरीला ट्रेकला गेला होता, तिथून आल्यावर त्याने ग्रुपवर टाकलं की त्वेर शहराचा अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या आसपास चौलला उतरून जुन्नरला आला होता. विकायला एक घोडा आणलेला. जुन्नरच्या खानाने तो घोडा जप्त केला, म्हणाला मुसलमान हो मग देतो, कोणा खुरासानी माणसाने मध्यस्थी करून सोडवला. आणि दोन महिने पावसाळ्यात जुन्नरला अडकला, चिखल आणि पाणी, पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. जुलैमध्ये जुन्नरला गेलेल्या कोणालाही हे पटेल.

रशियावाल्याला मी म्हटलं, राज्य नको घेऊस, हा माणूस घे. तो आधी फुरंगटला. मग एक घोडा घेऊन निघाला, आणि पुढचे सहा टर्न तो अख्ख्या सर्व्हरचा लाडका झाला कारण तो एकच असा होता जो एका आळीतून दुसऱ्या आळीत जाऊ शकत होता. व्होल्गा, कॅस्पियन, इराण, होर्मुझ, चौल. होर्मुझवालीने त्याला घोड्याचा भाव सांगितला तेव्हा त्याने लिहिलं, या भावात त्वेरला वाडा येतो. त्याच्यामुळे भूमध्य आळीतल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की बिदर नावाचं काहीतरी आहे. अजून तीन जणांनी मग फिरस्तेच मागितले.

बोनसच्या जागी आम्ही तीन प्रश्न ठेवले, क्लेम करताना उत्तरं लिहायचीच. तुमच्या राज्यात गरीब माणूस रोज काय खातो. कर कशात भरतात. आणि राजाला नाही कोण म्हणू शकतं. युद्धाबद्दल एकही प्रश्न नाही. उत्तर चुकलं तरी चालेल पण शोधलेलं असलं पाहिजे.

आणि इथे अॅझ्टेकवाला. तोच पहिल्या सीझनचा. नारायण पेठेतला मुलगा, जुन्या वाड्यात राहतो. परत क्लेम टाकला, परत नरबळी. मी तीन प्रश्न पाठवले. पहिल्याचं उत्तर मका. दुसऱ्याला दोन दिवस लावले, मग आलं की खंडणीच्या याद्यांत कापड, पिसं, कोको असं सगळं आहे, आणि बाजारात कोकोच्या बिया सुट्ट्या पैशांसारख्या चालतात. तिसऱ्याला अडला. म्हणाला राजाला नाही कोणीच म्हणू शकत नाही. मी म्हटलं बघ अजून. चार दिवसांनी मेसेज आला, ताई, पाणी.

अॅझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान हे शहर तळ्यात होतं, मधोमध बेटावर. १४४९ मध्ये तळं चढलं आणि शहर बुडालं. मग तिथला राजा मोक्तेसुमा पहिला याने शेजारच्या टेक्सकोकोच्या नेसावालकोयोट्लला बोलावलं, हा राजा पण आणि कवी पण, आणि त्याच्या देखरेखीखाली तळ्यात कित्येक मैल लांबीचा बांध घातला गेला, पूर अडवायला आणि खारं पाणी गोड्या पाण्यापासून वेगळं ठेवायला. हे वाचून हा मुलगा त्याच्या आजोबांकडे गेला. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते.

तिसऱ्या टर्नला त्याने पूर लिहिला. मी ती पोस्ट ऑफिसमध्ये जेवताना उघडली आणि डबा तसाच राहिला. त्यात एक बळी नाही. एक म्हातारा कारकून आहे, तो खंडणीच्या याद्यांचे कागद डोक्यावर घेऊन गच्चीवर चढतो, पाणी जिन्याच्या एकेका पायरीवर येतं आणि तो पायऱ्या मोजतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची एक रेघ उरते आणि पुढे कित्येक वर्षं लोक ती रेघ पुसत नाहीत, पाहुणा आला की दाखवतात, इथपर्यंत. त्यांच्या वाड्यात जिन्यापाशी ती रेघ होती म्हणे, आता डिस्टेंपर मारलाय. मेक्सिकोच्या खोऱ्यात आम्ही टेक्सकोको एका मुलीला दिलं होतं, तिने बांधाचं पत्र लिहिलं ते पण सुरेख, पण ते नंतर कधीतरी.

सगळंच जमलं असं नाही. मेक्सिकोच्या वरची उत्तर अमेरिका शेवटपर्यंत कोणी घेतली नाही, ऑस्ट्रेलिया पण नाही. निदान एवढं केलं की करडा रंग काढला, कारण करडा म्हणजे तिथे कोणी राहतच नव्हतं असं वाटतं, त्याऐवजी तिथल्या लोकांची नावं लिहिली, जेवढी आम्हाला नीट सापडली तेवढी. दरबारातलं एक भांडण खऱ्या आयुष्यात गेलं, दोन मित्र तीन आठवडे बोलत नव्हते, शेवटी त्यांना गुडलकला बन मस्का खायला नेऊन समेट करावा लागला, बिल मी भरलं. काँगो परत रिकामं राहिलं याचं मला वाईट वाटतं, शेजारी आणायला कोणी मिळालं नाही. आणि मालीवाला परत आला नाही. मी दोनदा मेसेज केला की यावेळी सोंघाई आणि मोरोक्को दोन्हीकडे माणूस आहे, आळी भरलेली आहे. त्याने थम्स अप दिला, बस.

अँडीजचं मात्र सांगायलाच हवं. इंका घेतलेला मुलगा सीएची आर्टिकलशिप करतोय, लक्ष्मी रोडजवळच्या एका फर्ममध्ये. शेजारी हवा म्हणून त्याने मावसभावाला पकडून चिमू राज्य घ्यायला लावलं, किनाऱ्यावरचं, चान चान राजधानी. इंकांकडे लिपी नव्हती, हिशोब दोऱ्यांच्या गाठींत, त्याला किपू म्हणतात. एका जाड दोरीला बाकीच्या दोऱ्या लटकवलेल्या, प्रत्येक दोरीवर दशमान पद्धतीने गाठी, वर हजार, खाली शतक, मग दशक, आणि तळाला एकक. आम्ही मॉड लोकांनी नियम केला होता की इंकाला पत्र लिहिता येणार नाही, निरोप्या तोंडी सांगेल आणि आकडे किपूत. आम्हाला वाटलं तो शीटमध्ये काहीतरी चिन्हं टाकेल. त्याने मंडईतून सुतळी आणली. रंग दिले. दर टर्नला खरोखर गाठी मारून फोटो टाकायचा.

एकदा मी ऑफिसनंतर कागदपत्रांच्या कामाला तिकडे गेले होते तेव्हा त्याने मला दाखवलं. दशकाची गाठ साधी, एकावर एक तेवढ्या मारायच्या. एककाची गाठ वेगळी, लांब, दोरा जितका आकडा तितके वेढे घेऊन ओढायचा, म्हणजे शेवटची गाठ आली हे हाताला कळतं, डोळे मिटून सुद्धा. पण एक वेढ्याची लांब गाठ होतच नाही, ती साधीच होते, म्हणून एकासाठी इंग्रजी आठसारखी गाठ. त्याने माझ्या हातात दोरी दिली आणि म्हणाला वाच. मी चाचपडत वाचलं, एक, दोन, चार, आणि तळाशी तीन वेढे. बाराशे त्रेचाळीस. काय आहे हे? म्हणाला, कुस्कोजवळच्या एका खोऱ्यातले मिताला येणारे लोक, मिता म्हणजे कर म्हणून करायची मजुरी.

सतराव्या टर्नच्या रविवारी पावणेनऊला त्याचा मेसेज आला. खिळ्याला टांगलेल्या किपूतली एक दोरी गायब आहे. आईने रद्दी बांधायला नेली आणि रद्दीवाला दुपारीच येऊन गेला. टर्न बंद व्हायला पंधरा मिनिटं, काय करायचं, बॅकअप नाही.

आम्ही तिघांनी कॉलवर घेतलं. मॅपवाला म्हणाला जुना फोटो बघून आकडा परत द्या. मी म्हटलं नाही, इंकाकडे फोटो नव्हता. चिंचवडकर माझ्या बाजूने. नऊ वाजता निकाल लावला, खोऱ्यातल्या बाराशे त्रेचाळीस लोकांची नोंद राहिली नाही, त्या टर्नला त्यांना कोणी कामावर बोलावलं नाही, आणि ते आपापल्या शेतावर राहिले. चिमूच्या मावसभावाने लगेच विचारलं, ते लोक आमच्याकडे आले तर चालतील का?